भिंतीचा दंड आणि घराची सवलत

मा. संपादक,
स. न.

भाडेकरूंना सरकारी घरं स्वस्तात विकण्यावरचा कालचा लेख वाचला. इंग्लंडचे दाखले ठीक आहेत. 1980 च्या कायद्यानं तिथं 3 वर्षांच्या भाडेकरूला 33 टक्के आणि 20 वर्षं राहिलेल्याला 50 टक्के सूट मिळाली, विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी झाली नाहीत, शेवटी 2016 मध्ये स्कॉटलंडनं आणि 2019 मध्ये वेल्सनं योजना गुंडाळली. सगळं कबूल. पण त्यावरून आपल्याकडच्या भाडेकरूंनाही लॉटरी लागली म्हणायचं, हे लेखकमहाशयांनी कुठल्या चाळीत राहून ठरवलं?

आमचे वडील, म्हणजे दादा, गिरणीत साचे चालवायचे. कामगारांच्या सरकारी चाळीत दोन खोल्या. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात आमची मोरीकडची भिंत उभी चिरली, हात जाईल एवढी. कार्यालयातून एक साहेब आले, फटीत पेन्सिल घालून पाहिली, वहीत लिहिलं, चहा घेऊन गेले. ते गेले ते गेलेच. दिवाळीपर्यंत वाट पाहून आईनं पाटल्या मोडल्या आणि भिंत नव्यानं बांधून घेतली.

पुढं घरं मालकीची करून द्यायचं ठरलं, सवलतीचं पत्र आलं. दादांनी ते देवापुढं ठेवलं. दुसरा कागद उलटल्यावर कळलं, की तीच भिंत ‘विनापरवाना बांधकाम’ म्हणून मोजलीय. दंड, त्यावर व्याज, शिवाय जुन्या भाड्याची थकबाकी. भाड्याच्या पावत्या आईनं चादरीच्या चेनवाल्या पिशवीत वर्षाप्रमाणे लावून ठेवलेल्या, म्हणून निदान थकबाकी तरी खोडता आली. दंड भरावाच लागला. सवलतीतून तो वजा जाता हातात काय उरलं, ते लेखकांनी घरी यावं, हिशोब दाखवतो. चहाही देऊ, साहेबांना दिला तसा.

शेजारच्यांनी ताबा मिळताच मुखत्यारपत्रावर खोल्या विकल्या, हेही खरं. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांच्यासाठी सगळ्या चाळीला फुकटे म्हणू नये. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते 15 हजार घरं दिली, तिथं विडी कामगार बायका पहिल्यापासूनच मालकीण आहेत. अनुदान त्यांनाही आहे. तेव्हा आपल्याच पानावर अभिनंदनाच्या जाहिराती होत्या, लॉटरी कुणी म्हटलं नव्हतं.

आपला,
एक जुना भाडेकरू, सोलापूर

ता. क. : उजनी भरली की पहिल्या पानावर रंगीत फोटो असतो. छान येतो. आमच्या नळाला मात्र चार दिवसांआड, तेही रात्री दीडला. त्या वेळचा फोटो काढायला कुणाला तरी पाठवा.