हळदीचा डाग लाल का होतो?

महोदय,
परवा नातीच्या पांढऱ्या फ्रॉकवर वरण सांडलं. पिवळ्या डागावर साबणाची वडी घासली, तर डाग तांबडालाल! "आजी, रक्त!" म्हणून पोर घाबरली. मग तिच्यासमोरच त्यावर लिंबू पिळलं. क्षणात डाग पुन्हा पिवळा झाला आणि तिच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली.

हळदीतला पिवळा रंग करक्युमिनचा. आम्लात तो पिवळाच राहतो. साबण, धुण्याचा सोडा, चुना अशा आम्लारी पदार्थांत तांबडा होतो. हळदीला चुना लावला की पारंपरिक कुंकू होतं, ते याच गुणामुळे. घरोघरी कुंकवाचा करंडा असायचा, पण त्यातलं रसायनशास्त्र आम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही, याची खंत वाटते. (डाग पडलेला कपडा धुऊन कडक उन्हात टाकावा. प्रकाशाने करक्युमिन मोडतं आणि डाग फिका पडतो.)

शाळेत लिटमस नसेल, तर हळदीचा लेप देऊन वाळवलेला कागदही आम्लारी ओळखायला पुरतो. आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला असा एखादा घरगुती प्रयोग जरूर छापावा, ही विनंती.

– एक आजी, सांगली