चंद्रभागेची जलपर्णी पुण्यातच काढा

मा. संपादक,

आषाढी जवळ आली की चंद्रभागेच्या पाण्यावर लेख येतात, तक्रारी होतात. सगळं बोट पंढरपूरकडे. चंद्रभागा म्हणजे पंढरपुरातली भीमाच. ही नदी मात्र भीमाशंकरहून निघते, चासकमान ओलांडते, तुळापूरला इंद्रायणी आणि पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा पोटात घेते. पुणे-पिंपरीचं सांडपाणी याच वाटेनं उजनीत उतरतं. सुमारे ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, सहज बाहेर न सोडता येणारं पाणी. त्यामुळे गाळ आणि त्यातलं फॉस्फरस तिथंच मुरतं. त्याखाली नरसिंहपूरला नीरा, कुडलला सीना मिळते. कृष्णेत शिरल्यावर भीमेचं नावही उरत नाही, समुद्र गाठते ती कृष्णा.

जलपर्णीचं, म्हणजे पाण्यावर तरंगत पसरणाऱ्या या वनस्पतीचं, गणित सोपं आहे. उन्हाळ्यात सांडपाण्यावर ती पंधरवड्यात दुप्पट होते. मे महिन्यात यंत्र लावून काय उपयोग? तोवर ती फुलून बी गाळात पडलेलं असतं, आणि ते बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढणी जानेवारीतच, फुलोऱ्याआधी, वरच्या अंगाकडून खाली अशी व्हावी. खालून सुरुवात केली की वरचे तुकडे वाहत येऊन पुन्हा रुजतात. काढलेला ढीग काठावर ठेवायची तर जुनीच खोड. पहिल्या पुरात तो परत नदीत. पूररेषेबाहेर नेऊन खत करण्याची अट निविदेतच घाला, आणि बिलं टनावर काढू नका. ओल्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं!

— एक वाचक, पुणे