ठमीच्या ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार वि. वि.

वयाने तुम्ही माझ्या लेकीच्या बरोबरीच्या असाल, पण तुमच्या शेल्टरमध्ये लहानथोर सगळेच तुम्हाला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. तुमच्याकडून आणलेली कुत्री ठमी आमच्याकडे रुळली आहे. दुपारी ती आमच्या ह्यांच्या आरामखुर्चीखाली पसरते आणि कुकरची शिट्टी झाली की उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. उजव्या डोळ्याने दिसत नसल्यामुळे त्या बाजूने कुणी अचानक आले की ती दचकते आणि गुरगुरते. झाडू पाहिला की पलंगाखाली जाते. यातले काहीही आम्हाला नवीन नव्हते, कारण तिचे गुण सांगण्याच्या आधी तुम्ही तिच्या खोडी सांगितल्या होत्या.

हे मुद्दाम लिहिते, कारण त्याआधी आम्हाला भेटलेल्या मंडळींना सांगण्यापेक्षा लपवण्यातच रस होता. एका विक्रेत्याने पंचेचाळीस दिवसांचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू दाखवले आणि आजच न्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, अशी घाई चालवली. आठ आठवडे पूर्ण न झालेले पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी मनाई आहे, असे मी म्हटले, तर ‘आजी, नियम कोण बघतो?’ हे उत्तर मिळाले. पिल्लाची आई दाखवा म्हटल्यावर तर त्याने विषयच बदलला. दुसरीकडे, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने आमचे वय ऐकताच, ‘तुमच्या पश्चात कुत्र्याचे कोण बघणार?’ असे विचारले. प्रश्न रास्त होता. पण माझे उत्तर ऐकण्याआधीच पलीकडून फोन ठेवला गेला, याला काय म्हणावे?

तोच प्रश्न तुम्हीही विचारलात आणि उत्तर संपेपर्यंत ऐकत राहिलात. मग म्हणालात, ‘पिल्लू नका नेऊ, ते तुम्हाला दमवेल. ठमीला तुमच्याएवढेच चालायला लागते.’ तिच्या डाव्या कानावरची खाच पाहून आमच्या ह्यांना वाटले की कुणीतरी तिला इजा केली असावी. ती नसबंदी झाल्याची खूण आहे, असे तुम्ही समजावून सांगितलेत. 2023 च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्याला लस टोचून जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते; पण गाडीच्या धडकेत एक डोळा गेलेल्या ठमीचा त्या रहदारीत निभाव लागला नसता.

ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते आता सांगते. कागदपत्रांवर सह्या झाल्या, आम्ही निघालो आणि तेवढ्यात तुम्ही आमच्या हातातला कागद परत मागून घेतलात. तो टेबलावर उलटा ठेवून त्याच्या पाठीवर निळ्या पेनाने लिहिलेत: ‘कधी जमेनासे झाले तर ठमी माझ्याकडे परत येईल. कुणी कुणाला दोष द्यायचा नाही.’ खाली सही केलीत. तुमच्या हाताला औषधाचा पिवळा डाग होता, त्याचे बोट सहीशेजारी उमटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मनात कुत्रा आणताना जी धास्ती असते, ती आम्ही बोलून दाखवली नव्हती, तरी तुम्ही ओळखली होती. त्या दोन ओळी नसत्या, तर मी कदाचित जिना उतरता उतरता माघारी फिरले असते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या कागदाची आठवण झाली. फटाके सुरू झाल्यावर ठमी न्हाणीघरात मोरीपाशी जाऊन बसली आणि अंग थरथरत असतानाही आम्हाला जवळ येऊ देईना. बाहेर माळा वाजतच होत्या. शेवटी मी पाटावर, तिच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूला, नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने माझ्या पायावर हनुवटी टेकली. परत पाठवण्याची वाट मोकळी असल्यामुळेच की काय, तो विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

आमच्या सोसायटीचेही सांगायला हवे. दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालणाऱ्या एका गृहस्थांना त्या तसबिरीतली चार कुत्री चालतात, मात्र लिफ्टमध्ये ही एक चालत नव्हती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे 2015 चे परिपत्रक तुम्ही आमच्याबरोबर दिले होते, ते कामी आले. बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, हे त्यात वाचल्यावर समितीचा आवाज बराच खाली आला.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. 1832 साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. पाठ्यपुस्तकात नसलेली ही हकिकत मी वर्गात आवर्जून सांगत असे. दंगल झाल्यामुळे त्यांची नोंद तरी राहिली. गोठ्यासारख्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज पहाटे भाताचे पातेले चढवणाऱ्या आणि कुणाच्या तरी जखमेतल्या अळ्या काढत बसणाऱ्या माणसांची नोंद कोण ठेवतो? भलेपणाचा गाजावाजा करणारे आजकाल पुष्कळ आहेत. कागद परत मागून घेऊन त्याच्यामागे दोन ओळी लिहिणारे मला तरी एकच माणूस भेटले.

तुम्ही जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रे लागतात म्हणाला होतात. दोन्ही गोळा केली आहेत, त्यात तांदळाचे एक पोतेही आहे. रविवारी आमचा भाचा गाडीने घेऊन येईल. त्याला चहासाठी थांबवू नका, तुमचाच वेळ मोडेल. ठमीच्या रेबीजच्या लशीची तारीख आमच्या लक्षात आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ठमीची आजी