‘लाइट’ अंगात राहत नाही

संपादक महोदय,

माझ्या धाकट्या दिरांना हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग, झाला. केमोच्या चार फेऱ्यांनंतर मानेच्या गाठींना ‘लाइट’, म्हणजे किरणोपचार, द्यायचे ठरले: रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक), सोमवार ते शुक्रवार, एकूण १५ दिवस, म्हणजे ३० ग्रे. नेरूळहून खारघरला लोकलने जायचो. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात आणि तो टेबलाला अडकवतात, मान तसूभरही हलू नये म्हणून. मशीन चालते काही मिनिटेच, दुखत नाही. दुखायला लागले दोन आठवड्यांनी! घसा इतका सोलवटला की दहीभातही गिळवेना.

पण खरा त्रास आमच्या जिन्यात झाला. शेजारणीने नातवाला ओढून घरात नेले, “काकांच्या अंगातून किरणं येतात” म्हणून. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात काही उरत नाही. पोटात घ्यायच्या किरणोत्सारी आयोडीनची गोष्ट वेगळी, तिथे काही दिवस अंतर पाळावे लागते. शिकलेल्या माणसांचाही इथेच घोळ होतो. आपल्या आरोग्य पुरवणीत एवढे तरी ठळक छापा. मी कात्रण लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावीन.

– एक निवृत्त शिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई