कोंबडीच्या पिल्लांचं बूड चिकटतंय? आधी बल्ब बघा

राम राम मंडळी. धुळे-नंदुरबारकडे रात्रीचा गारठा वाढलाय आणि बुडाला विष्ठा वाळून चिकटलेल्या पिल्लांचे फोटो रोज येताहेत. ती खपली ओढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर धरा, मऊ झाली की पुसा, कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट लावा. (पोटाकडची सुकलेली बेंबी खपली समजून उपटू नका, दरवेळी कोणीतरी उपटतंच!) ऊब कमी-जास्त झाली की बूड असं चिकटतं, म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. उबेसाठी लावलेल्या बल्बखाली ढीग करून बसली तर बल्ब खाली घ्या. चोच उघडून लांब पळाली तर वर. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.