दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरची रात्र : आरोग्यमंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

केज तालुक्यातून लिहायलोय. मागच्या वर्षी संभाजीनगरला मायच्या मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीनं काढली, सरकारी आरोग्य योजनेत बसलं, त्याबद्दल तक्रार नाहीच. पोटावर बारीक छिद्रं अन् गाठ बाहेर काढायला बेंबीखाली चार बोटं छेद. सगळे म्हणायचे दुर्बिणीचं हाय, दुखत नसतंय. पण रात्री खोकला आला की माय दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबून धरायची अन् म्हणायची, "बाळा, मला खोकू नको देऊ रे." आता खोकला मी कसा थांबवणार!

सिस्टर दुखण्यावर ट्रामाडॉल नावाचं औषध द्यायच्या. त्यानं मळमळ, उलट्या, अन् असल्या औषधांनी आतडं पण सुस्तावतं म्हणे, म्हणजे ज्या आतड्यानं लवकर चालू व्हायचं त्यालाच झोपवायचं. चौथ्या दिवशी वारा सरला तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

भूलतज्ज्ञांना विचारलं तर खरं बोलले बिचारे. पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारा टॅप ब्लॉक असतो, 2001 पासून माहीत हाय, त्यात लागणारं बधिरीचं औषध बुपिव्हाकेन काही महागाचं नाही, दोन्ही बाजूंनी दिला की टाक्यांचं दुखणं पहिले काही तास तरी दबतं. आतलं दुखणं त्यानं जात नाही, पॅरासिटामॉल लागतंच. पण सुई नेमक्या थरात जायला सोनोग्राफी पाहिजे अन् ती मशीन थिएटरला नाही, घ्यायची म्हटलं तर पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग तपासणी बंदीच्या कायद्याखालची नोंदणी, त्या कागदांच्या धाकानं कुणी मागतच नाही.

साहेब, तो 1994 चा कायदा पाहिजेच. आमच्या बीडला तर पाहिजेच, 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं 807 पोरी, ती लाज विसरलो नाही. पण थिएटरातल्या एका मशीनची नोंदणी भूलतज्ज्ञाच्या कामासाठी नीट करून देणं एवढं अवघड हाय का? मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयांपासून सुरू करा, अन् मेडिकल कॉलेज दुसऱ्या खात्याचं म्हणून फाईल तिकडं ढकलू नका. तोवर सर्जनला दुर्बिणीतूनच आतून बघत हा ब्लॉक देता येतो, त्याला सोनोग्राफी लागत नाही, तेवढं तरी सांगा. योजनेच्या कागदात दुखण्यासाठी काय दिलं असा एक रकानाही टाका.

पुढच्या महिन्यात मावशीचं ऑपरेशन हाय, आतड्याचंच, तिथंच. उशी घरूनच नेणार हाय.