मेंढरांचा डोंगर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलंय का ते आधी कळवा. आई फोनवर सगळं ‘बरंय’ म्हणते.

शनिवारी इथं उत्तर इंग्लंडात, कुंब्रिया परगण्यातल्या हाउगिलच्या डोंगरांवर जाऊन आलो. सेडबर गावातून विंडर नावाचं शिखर, ४७३ मीटर, आणि तिथून धारेधारेनं द काफ, ६७६ मीटर. हसू नका, सिंहगडाच्या निम्मंच भरतं. पण वर ना कातळ, ना सावलीला झाड. नुसतं आखूड, ओलं गवत. उतरताना चांगला पाच-सहा फूट बसूनच घसरलो. पँटचं काय झालं ते आईला सांगत नाही.

मला वाटायचं हे डोंगर मुळातच असे बोडके. पण रोपट्यानं डोकं वर काढलं की मेंढरानं कुरतडलं, असं पिढ्यानपिढ्या चाललंय. जिथं त्यांचं तोंड पोचत नाही अशा घळींत रोवनची झाडं अजून तग धरून आहेत.

दगडी बांध खालच्या शेतांपुरते. माथा सामाईक, आपल्या गायरानासारखा. मग कळप मिसळत नाहीत का? फाटकाशी एक म्हातारा मेंढपाळ भेटला, त्याला विचारलं. लोकरीवर ज्याच्या त्याच्या रंगाची खूण असतेच. पण मुळात मेंढी आपला पट्टा सोडून जात नाही आणि कोकरू तिच्यामागं फिरत तोच पट्टा शिकतं. याला ते ‘हेफ्ट’ म्हणतात. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत आली तेव्हा कुंब्रियात कळपच्या कळप मारावे लागले. बाजारातून नवी मेंढरं आणता येतात हो, पण त्यांना डोंगर कोण दाखवणार?

वाटेतच एक मेंढी उभी होती. काळं तोंड, नाकावर पांढरा ठिपका. कोकरू पुढचे गुडघे टेकून पीत होतं आणि अशा ढुशा देत होतं की तिचे मागचे पाय उचलले जात होते. ती मात्र माझ्याकडं बघत रवंथ करत राहिली. दिवाळीनंतर आपल्या खालच्या रानात धनगर मेंढरं बसवायचे, आई सुपानं ज्वारी मोजून द्यायची, ते आठवलं. लेंड्यांचा वास इथंही तोच.

लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही, असं तो म्हातारा म्हणाला. त्यावरून आठवलं, माळ्यावरचं घोंगडं उंदरांनी कुरतडलंय म्हणून आई टाकायला निघालीये. टाकू नका. डिसेंबरात आलो की मी घेऊन जाईन.

तुमचा,
बाळ्या